कुंडीतल्या मातीत उगवणाऱ्या छत्र्या आणि बुरश्या: ओळखायच्या कशा?

ओली_माती (ठाणे)

नमस्कार मंडळी,

पाऊस लागल्यापासून आमच्या बाल्कनीतल्या अरेका पामच्या कुंडीत पिवळ्याधमक छत्र्या उगवताहेत. पहाटे बघावं तर मिटलेल्या, अंडाकृती टोप्या. दुपारपर्यंत उघडतात आणि दुसऱ्या दिवशी माना टाकतात. उघडलेली टोपी चारेक सेंटिमीटर, कडेला बारीक रेघा, वर सुटी पिवळी भुकटी. कुंडीत कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी लाल माती आहे. पाम मात्र ठणठणीत, नवं पान सोडतोय.

ही नेमकी कोणती जात? झाडाला धोका आहे का? आणि घरात रांगणारं बाळ आहे, बाल्कनीच्या दारापर्यंत पोचतं, तर कितपत सांभाळायला हवं? शेजारी कुणी बुरशीनाशक ओतायला सांगतं, कुणी हळद, कुणी दालचिनी. मला आधी ओळख पटवायची आहे, उपाय त्यानंतर. तुमच्याही कुंड्यांत काही उगवलं असेल तर इथेच लिहा.

गच्चीवरची_तुळस (नाशिक)

वाचतेय. आमच्या जास्वंदीच्या कुंडीतही आल्यात, पण पांढुरक्या आणि अगदी नाजूक. हात लावला की मोडतात.

रानवाट (पुणे)

ओली_माती, तुम्ही वर्णन नीट केलंय, त्यामुळे अंदाज बांधता येतोय. पण नाव घेण्याआधी काही गोष्टी तपासून सांगाल का?

छत्री तोडू नका, दांड्याच्या बुडाशी सुरी खुपसून मातीसकट उचला. बुंधा फुगीर आहे का बघा. दांड्यावर कडं आहे का? (ते सहज गळून पडतं, म्हणून एकदोन छत्र्या तरी पाहा.) टोपी उलटी करा. खालच्या पातळ पट्ट्या दांड्याला चिकटल्यात की थोडं अंतर राखून थांबल्यात? त्यांचा रंग कोणता?

मग बीजाणूंचा, म्हणजे छत्रीतून झडणाऱ्या बियांसारख्या बारीक कणांचा, ठसा घ्या. हे घरी सहज जमतं आणि ओळखीच्या कामात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद शेजारी शेजारी चिकटवा. पूर्ण उघडलेल्या छत्रीचा दांडा टोपीला लागून कापा, पट्ट्या खाली करून टोपी दोन्ही रंगांवर अर्धी अर्धी येईल अशी ठेवा, वर पाण्याचा एक थेंब सोडा आणि वाटी पालथी घाला. रात्रभर पंख्याखाली नको. सकाळी टोपी अलगद उचलली की खाली भुकटीची नक्षी दिसते. तिचा रंग सांगा. पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही, म्हणून काळा कागद हवाच.

वरच्या टोपीचा रंग उन्हापावसाने, वयाने बदलतो. बीजाणूंचा रंग तसा बदलत नाही. नुसत्या फोटोवरून छातीठोक नाव सांगणाऱ्या ॲपवर विसंबू नका असं मी म्हणतो ते यासाठीच. ॲप अंदाजाला ठीक, निकालाला नाही.

जर्सीकर (न्यू जर्सी)

ओली_माती, तुम्ही लिहिलंय अगदी तेच आमच्याकडे जानेवारीत आलं होतं! बाहेर बर्फ, आत हीटर, आणि दिवाणखान्यातल्या मनीप्लांटमध्ये पिवळी छत्री. रानवाट काय म्हणतात याची वाट बघतो.

अनंतमूळ

एवढं कशाला? कार्बेन्डाझिम दोन ग्रॅम लिटरला घ्या, कुंडीत ओता, विषय संपला. आमच्या द्राक्षबागेत आम्ही हेच करायचो.

पाणंद (सांगली)

अनंतमूळ दादा, आदराने असहमत. द्राक्षावर भुरी असते, करपा असतो, तिथे बुरशी जिवंत पानाला खाते. इथे पाम नवं पान सोडतोय, छत्री वाढतेय ती कोकोपीटवर आणि अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यावर. रोगच नाही तिथे औषध कुणाला द्यायचं? शिवाय ते मातीत गेलं की ट्रायकोडर्मासारख्या उपयोगी बुरश्या आधी मरतात. आणि ताईंच्या घरात रांगतं बाळ आहे. बाल्कनीत आंतरप्रवाही (झाडाच्या अंगात भिनणारं) बुरशीनाशक ओतणं मला पटत नाही.

ओली_माती

रानवाट, सांगितलंत तसं सगळं केलं.

दांडा बारीक, बुडाशी फुगीर. कोवळ्या छत्रीवर पातळ कडं आहे, जुन्यावर नाही. पट्ट्या फिकट पिवळ्या, दांड्यापर्यंत पोचत नाहीत. ठसा पांढरा! काळ्या कागदावर स्पष्ट दिसला, पांढऱ्यावर काहीच नाही. आणि माती उकरताना वरच्या थरात फिकट पिवळ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या गोळ्या सापडल्या. ती अंडी आहेत का?

रानवाट

वा, आता बोलता येईल. ही ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमी, बहुतेक नक्कीच. पिवळा रंग, कडेच्या रेघा, सुटं कडं, दांड्यापासून अलग पट्ट्या, पांढरा ठसा आणि कुंडीतली माती, हे सगळं एकत्र जुळणाऱ्या जाती फार थोड्या. त्या गोळ्या अंडी नाहीत, त्या याच बुरशीच्या गाठी. कवकजाल, म्हणजे बुरशीचे मातीतले धागे, घट्ट गुंडाळून बनलेल्या. माती कोरडी पडली की बुरशी त्यांच्यात तग धरून राहते आणि ओल मिळाली की पुन्हा वाढू लागते. म्हणून छत्र्या कितीही उपटल्या तरी पुढच्या सरींनंतर येणारच.

हिचा इतिहास मला फार आवडतो. ही मुळात उष्ण प्रदेशांतली. पण युरोपातल्या शास्त्रज्ञांना ती आधी भेटली ती काचघरांत, दूरदेशीच्या झाडांसोबत आलेल्या मातीत. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या जेम्स बोल्टनने अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचं चित्र काढून वर्णन केलं. पण त्याने दिलेलं नाव आधीच दुसऱ्या छत्रीला दिलेलं होतं, त्यामुळे ते टिकलं नाही. 1839 साली ऑगस्ट कोर्डाने प्रागच्या काचघरातल्या नमुन्यांवरून आजच्या नावातला दुसरा शब्द दिला, तिथल्या बर्नबॉम नावाच्या उद्यान-निरीक्षकावरून. पुढे 1962 मध्ये रोल्फ सिंगरने तिला ल्युकोकोप्रिनस या प्रजातीत आणलं. जर्सीकरांच्या दिवाणखान्यात बर्फाच्या दिवसांत ती उगवते ते याच कारणाने: हीटरची ऊब, कुंडीची ओल आणि सोबत आलेलं कवकजाल.

रंगाचंही सांगतो. 2005 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी या छत्रीतून दोन पिवळी रंगद्रव्यं वेगळी केली, बर्नबॉमिन ए आणि बी.

झाडाला धोका नाही. ही मृतोपजीवी आहे, जिवंत मुळाला शिवत नाही. कुजलेला भाग खाऊन त्यातली द्रव्यं मातीत मोकळी करते, म्हणजे पामचा फायदाच.

बाळाबद्दल मात्र गंभीरपणे लिहितो. हात लागल्याने काही होत नाही, हात धुतले की पुरे. खाल्ली तर मात्र विषारी, उलट्या-जुलाब, पोटदुखी होऊ शकते. तुम्ही रोज सकाळी, छत्री उघडायच्या आत, ती बुडासकट काढून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. शक्य झालं तर कुंडी काही महिने उंचावर ठेवा. आणि आणखी एक, तुमच्या कुंडीपलीकडचं: कुंडीत किंवा खतात उगवणाऱ्या काही बारीक तपकिरी छत्र्यांमध्ये, म्हणजे कोनोसायबी आणि लेपिओटा गटांतल्या काही जातींत, अमाटॉक्सिन असतं. ते यकृत निकामी करतं. त्याची लक्षणं खाल्ल्यावर सहा तास किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात, मध्ये थोडं बरं वाटतं आणि माणूस गाफील राहतो. म्हणून मुलाने कुठलीही छत्री तोंडात घातली तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं, आणि उरलेली छत्री कागदी पाकिटात घालून सोबत न्यायची. प्लास्टिकमध्ये ती विरघळून जाते, मग ओळखणार कशी?

ओली_माती

मनापासून आभार. कुंडी वर उचलली. छत्र्या रोज काढतेय, बुरशीनाशक टाकणार नाही.

गच्चीवरची_तुळस

मग माझ्या पांढुरक्या छत्र्या? ठसा घ्यायला ठेवली तर सकाळी टोपीच नाही, काळं पाणी झालेलं! कुंडीत मागच्या महिन्यात शेणखत घातलं होतं.

रानवाट

तुम्ही उत्तरच लिहिलंत. या शाईछत्र्या, कोप्रिनस आणि तिच्या नात्यातल्या. बीजाणू काळे, आणि पिकले की टोपी कडेपासून स्वतःच विरघळते. शेणखत पुरतं कुजलेलं नसलं की हमखास येतात. नेमकी जात सांगायला सूक्ष्मदर्शक लागेल, पण कुंडीसाठी एवढी ओळख पुरे. शेणखत संपत आलं की आपोआप जातील. पुढच्या वेळी खत काळं, भुसभुशीत आणि वास नसलेलं बघून घ्या.

अबोली_फोंडा (गोवा)

एक कळकळीची विनंती. आमच्याकडे पावसात रानातली अळमी (खाण्याच्या छत्र्या) म्हणजे जीव की प्राण, बाजारात पानात बांधून मिळतात. त्यामुळे घरच्या कुंडीत पांढरी छत्री दिसली की घरातली वडीलधारी माणसं सहज म्हणतात, "आपलीच माती, आपलंच खत, भाजी करूया." कृपा करून करू नका. खाण्याची ती अळमी वारुळाच्या पोटातून येतात, वाळवी ती बुरशी आत वाढवते, त्यांचा लांब दांडा खाली वारुळापर्यंत गेलेला असतो. वाळवीच्या वारुळाशिवाय ती उगवत नाहीत, म्हणजे कुंडीत कशी येतील? कुंडीतली छत्री ती नव्हेच.

रानवाट

अबोलीताईंना पूर्ण अनुमोदन. त्यात भर घालतो. गच्चीवर मोठे वाफे किंवा लॉन असेल तर क्लोरोफिलम मॉलिबडायटिस येऊ शकते. पांढरी, मोठी, वर तपकिरी खवले, दिसायला अगदी खाण्यासारखी. कोवळेपणी खालच्या पट्ट्या पांढऱ्याच असतात, पिकल्यावर हिरवट होतात आणि बीजाणूंचा ठसा हिरवा पडतो. खाल्ली की काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब. हिरवा ठसा दिसला की दुसरी शंका घेऊ नका.

कुंडीवाली_माई (डोंबिवली)

माझ्याकडे छत्री नाहीच. रात्रीतून मोगऱ्याच्या कुंडीत पिवळा फेसाळ लगदा आला, आधी कुंडीच्या मधोमध होता, सकाळी काठावर चढलेला! आता तो वाळून तपकिरी झालाय आणि हात लावला की भुगा उडतो. कुणी ओकून गेल्यासारखं दिसतं. सांगा ना, काय हे?

रानवाट

माई, घाबरू नका. हा स्लाइम मोल्ड, बहुधा फ्युलिगो सेप्टिका. आणि ही बुरशी नव्हेच! बुरशीच्या पेशींना कायटिन नावाच्या द्रव्याची भिंत असते. हा जीव अमीबाच्या जवळचा, भित्तीविना सरपटणारा. म्हणूनच रात्रीतून काठावर चढला. जिवाणू आणि कुजणारे कण खातो, मोगऱ्याला काही करत नाही. नको असेल तर भुगा होण्याआधी, ओला असतानाच वरच्या मातीसकट खरवडून काढा. आता वाळलाय तर पाणी मारू नका, बीजाणू पसरतील. ओल्या कागदाने उचला. घरात कुणाला दमा असेल तर त्यांनी दूर राहावं.

जर्सीकर

माझ्या मनीप्लांटच्या मातीवर पांढरा कापसासारखा थरही आहे, आणि कुंडीभोवती बारीक काळी चिलटं. दोन्हींचा संबंध असतो का?

पाणंद

असतो. पांढरा थर वरच्या ओल्या मातीवरची साधी बुरशी. त्या चिलटांच्या अळ्या बुरशी आणि कुजका भाग खातात, फार झाल्या तर कोवळी मुळंही. मूळ दुखणं एकच, माती कायम ओली. हिवाळ्यात घरात ऊन कमी, झाड पाणी पितच नाही, आणि आपण मात्र घालत राहतो. वरचा बोटभर थर कोरडा होईपर्यंत पाणी देऊ नका. अळ्या फारच असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हे जैविक औषध पाण्यातून द्या, तुमच्याकडे सहज मिळतं. दालचिनी वर भुरभुरली तर वरचा थर तात्पुरता दबेल, खालचं कवकजाल तसंच राहील. हळदीचंही तेच.

आणि सगळंच पांढरं म्हणजे बुरशी नसतं बरं का. बोअरच्या पाण्याचे क्षार मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरे साठतात. चिमटीत चोळा, खरखरीत लागलं आणि लिंबाच्या रसाने बुडबुडे आले तर तो चुना. कुंडी उपडी केल्यावर मुळांच्या गुंत्यात आणि कुंडीच्या आतल्या भिंतीला मेणचट पांढरे ठिपके दिसले तर मुळांवरचा मिलीबग, म्हणजे कीड. आणि नर्सरीतून आणलेल्या कुंडीतल्या एकसारख्या पिवळसर गोळ्या बऱ्याचदा हळूहळू विरघळणाऱ्या खताच्या असतात, दाबल्या की पाणी निघून पोकळ टरफल राहतं.

कृष्णाकाठ (कऱ्हाड)

वाचनखूण साठवली. आता माझी खरी अडचण. ग्रो बॅगेत मिरची लावली आहे. एक झाड दुपारी सुकलं, आठवड्यात मेलं. आता शेजारचं सुकतंय. बुंध्याशी मातीलगत पांढरे रेशमी धागे पंख्यासारखे पसरलेत आणि त्यावर मोहरीएवढे गोल तपकिरी दाणे. छत्री कुठेच नाही. हे खताचे दाणे आहेत की बुरशीच्या गाठी? झाडाला धोका नसतो असं वर लिहिलंय म्हणून थांबलोय.

पाणंद

थांबू नका! आतापर्यंत या चर्चेत जे जे आलं त्यात खरं दुखणं हे एकच. ही स्क्लेरोशियम रोल्फसाय नावाची बुरशी. भुईमुगाच्या शेतात खोडकूज, मिरची-टोमॅटोत मर म्हणून आपण जी ओळखतो तीच. 1892 साली पीटर हेन्री रोल्फ्स यांनी फ्लोरिडात टोमॅटोवर नोंदवली, म्हणून ते नाव. शेकडो जातींच्या झाडांवर जाते, उष्ण आणि दमट हवा तिला मानवते, म्हणजे आपला पावसाळा.

ओली_माती ताईंच्या कुंडीतल्या आणि तुमच्या गाठींत फरक बघा. त्यांच्या फिकट पिवळ्या, मातीत विखुरलेल्या, झाडापासून अलग. तुमच्या आधी पांढऱ्या, मग तपकिरी, गुळगुळीत, आणि बुंध्यालाच चिकटलेल्या. खताचा दाणा पोकळ असतो, ही गाठ आतून भरीव. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे झाडाचा बुंधा. धाग्यांखालची साल मऊ, तपकिरी होऊन सुटते. ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडून आधी पेशी मारते आणि मग खाते, त्यामुळे धागे पोचण्याआधीच खोड सडायला लागतं.

छत्री शोधत बसलात तर ही सापडणारच नाही, हिची छत्री येतच नाही. म्हणून सगळ्यांनाच सांगतो, मातीच्या मधोमध काय उगवलंय ते सावकाश बघा, पण बुंध्याशी काय आहे ते आधी बघा.

आज हे करा: सुकणारं झाड भोवतालच्या वरच्या सहा-सात सेंटिमीटर मातीसकट सावकाश उचला, म्हणजे गाठी सांडणार नाहीत. ते कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, जाळा किंवा पिशवीत बांधून फेका. उरलेल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचा पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, जे काही आच्छादन असेल ते हातभर मागे सारा. त्यावरूनच धागे एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पाणी सकाळी द्या, बुंध्यावर नको.

कृष्णाकाठ

धागे शेजारच्या झाडाच्या बुंध्यालाही लागलेत, पण पानं अजून ताजी आहेत. वाचेल का?

पाणंद

खरं सांगायचं तर आशा कमी. साल भोवतीने पूर्ण सुटली असेल तर काढूनच टाका. एकाच बाजूला असेल तर धागे लागलेली माती काढा, बुंधा उघडा आणि कोरडा ठेवा, आणि इतर झाडांपासून ती बॅग वेगळी करा. निरोगी राहिलेल्या बॅगांत निंबोळी पेंड आणि चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवलेला ट्रायकोडर्मा द्या. पाकिटावरचं प्रमाण पाळा, मुदत बघून घ्या, तो जिवंत असला तरच उपयोग. ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम एकत्र मात्र नको, दुसऱ्याने पहिला मरतो.

अनंतमूळ

पाणंद, हे पटलं. शेतात आम्ही खोल नांगरट करायचो ते याचसाठी, गाठी खाली गाडल्या गेल्या की उगवत नाहीत. कुंडीत ते जमणार नाही.

ओली_माती

कृष्णाकाठ, सांभाळा. आणि रानवाट, जात नक्की करायची असेल, सूक्ष्मदर्शकाने वगैरे, तर कुठे जायचं?

रानवाट

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह आहे, तिथे बुरशी ओळखून देण्याची सेवा आहे. आधी विचारून मगच नमुना न्या. छत्री कागदात गुंडाळा, ठसा घडी घालून वेगळ्या पाकिटात ठेवा, सोबत तारीख, ठिकाण, कुंडीत काय मिश्रण होतं आणि ताजी असतानाचा रंग लिहा, कारण वाळल्यावर रंग जातो. रोगाचा नमुना असेल तर, कृष्णाकाठ, बुंधा आणि गाठी दोन्ही द्या. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही वनस्पतिरोगाची माणसं भेटतील.

कृष्णाकाठ

दोन्ही झाडं काढली, बुंधा जपून ठेवलाय. शेवटचं विचारतो. बॅगेतली उरलेली माती टाकून देऊ का? चांगली तयार केलेली होती, जीव होत नाही.

पाणंद

आता पावसात काही करता येणार नाही. वरचा थर गेलाच आहे. उरलेली माती पिशवीत बंद करून, नाव लिहून, बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवा, तिच्यात वापरलेलं खुरपंही वेगळं. एप्रिल-मेच्या उन्हात ती ओली करून गच्चीवर पातळ पसरा, पारदर्शक प्लास्टिकने चारी बाजूंनी झाकून कडा दाबा आणि महिना-दीड महिना तशीच राहू द्या. मग ट्रायकोडर्मा मिसळा आणि पहिल्या हंगामात मका लावा. मिरची, टोमॅटो, वांगी, घेवडा त्यात लगेच नको. बॅग मात्र टाकून द्या, शिवणीत गाठी अडकून राहतात.